खाल्लं काय आणि वारला कधी: किनाऱ्यावरच्या प्रागैतिहासिक माणसांचं कालमापन, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

समुद्रकाठी पुरलेल्या पाच-सात हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं हाड हातात आलं की नवखा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, ‘हे किती जुनं?’ हाड प्रयोगशाळेत पाठवायचं आणि आकडा मागवायचा, इतकं ते सोपं वाटतं. पण माणूस मासे खाणारा असेल तर येणारा आकडा चुकीचा असतो, आणि किती चुकीचा हे तो किती मासे खायचा त्यावर ठरतं. म्हणजे तो जेवला काय हे कळल्याशिवाय तो मेला कधी हे सांगता येत नाही. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एका गुंत्याभोवती फिरतात.

उदाहरणं मी डेन्मार्कची घेतली आहेत. कारण सरळ आहे: या विषयाचा पाया बऱ्याच अंशी तिथेच घातला गेला. इ.स.पू. ५४०० ते ३९५० या सुमारास तिथे एर्टेबेले नावाची मध्याश्मयुगीन संस्कृती होती. मासे, सील, शिंपले, हरीण आणि रानडुक्कर यांवर ही माणसं जगत, आणि कालवांच्या कवचांचे भलेमोठे ढीग मागे ठेवून गेली. डॅनिश भाषेत या ढिगांना ‘स्वयंपाकघराचा उकिरडा’ अशाच अर्थाचा शब्द आहे. त्यानंतर शेती आली. या बदलाच्या वेळी माणसं तीच राहिली आणि जेवण बदललं, की माणसंच बदलली, हा तिथला जुना वाद. तो सोडवायला तारीख, आहार आणि स्थलांतर या तिन्ही गोष्टी एकाच हाडातून काढाव्या लागल्या.

पायरी पहिली: आधी प्रश्न, मग हाड

संग्रहालयात जाऊन ‘एक नमुना द्या’ म्हणायच्या आधी कागदावर लिहा: मला या माणसाच्या आयुष्यातला कोणता काळ हवा आहे? कारण शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वयाची नोंद ठेवतात. मांडीचं हाड हळूहळू बदलत राहतं, त्यामुळे प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडात शेवटच्या दहा-वीस वर्षांची, कधी त्याहून जास्त काळाची सरासरी असते. बरगडी त्या मानाने लवकर बदलते. दात मात्र एकदा तयार झाला की झाला. पहिल्या दाढेचं एनॅमल जन्मापासून तीनेक वर्षांत तयार होतं, अक्कलदाढेचं किशोरवयात. म्हणून बालपण कुठे गेलं हे दाताला विचारायचं आणि अखेरची वर्षं कशी गेली हे हाडाला.

नियम एकच, पण तो मोडणारे फार: तारीख आणि आहार एकाच तुकड्यातून काढा. तारीख दाताच्या मुळातून आणि आहार बरगडीतून घेतला, आणि मधल्या काळात माणसाने गाव व जेवण दोन्ही बदललेलं असेल, तर तुम्ही दोन वेगळ्या माणसांचा हिशेब एकत्र मांडलात असं समजा.

जुन्या संग्रहांत आणखी एक अडचण असते. शंभर वर्षांपूर्वी उत्खनन करणाऱ्यांनी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांवर लाख, सरस, मेण, पुढच्या काळात कृत्रिम रसायनं असं काय काय चोपडलं. तारीख आणि आहार दोन्ही आपण हाडातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनातून काढतो, आणि सरस तर जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच होतो, म्हणजे तोही कोलॅजनच. तो आपल्या नमुन्यात मिसळला की वेगळा काढणं महाकठीण. म्हणून संग्रहालयाची नोंदवही वाचा, आणि न चोपडलेला तुकडा मिळत असेल तर तोच घ्या.

पायरी दुसरी: शेजाऱ्यांची हाडंही गोळा करा

माणसाच्या हाडातला आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच जागेवरचं, त्याच काळातलं हरीण, रानडुक्कर, सील, कॉड मासा यांचे आकडे शेजारी ठेवले की मग तो बोलायला लागतो. याला आधाररेषा म्हणा. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुष्कळ विद्यार्थी ते टाळतात. मग शोधनिबंधात दुसऱ्या देशातल्या हरणाचा आकडा वापरतात आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

माणसाची हाडं हात लावायला मिळत नसतील तर कुत्रा बघा. कुत्रा माणसाच्या ताटातलं उरलंसुरलं खातो. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकात कुत्र्यांच्या हाडांवरून माणसांच्या बदलत्या आहाराचा अंदाज काढला गेला आणि तो माणसांच्या हाडांशी चांगला जुळला.

पायरी तिसरी: कोलॅजन काढणं

प्रयोगशाळेतलं काम थोडक्यात असं. हाडाचा पृष्ठभाग घासून काढायचा, अर्धा ते एक ग्रॅम तुकडा घ्यायचा, थंड पातळ आम्लात ठेवून त्यातलं खनिज विरघळवायचं, उरलेला प्रथिनाचा भाग कोमट आम्लयुक्त पाण्यात जिलेटिनसारखा विरघळवायचा, गाळायचा आणि गोठवून वाळवायचा. हाती कापसासारखा पांढरा पदार्थ येतो. ज्यांनी घरी पाया सूप केलंय त्यांना ही प्रक्रिया परकी वाटणार नाही.

यात तपासायच्या दोन गोष्टी. मूळ हाडाच्या वजनाच्या किमान एक टक्का कोलॅजन मिळायला हवं. आणि त्यातलं कार्बन व नायट्रोजनचं अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ या दरम्यान हवं. गुणोत्तर याबाहेर गेलं तर नमुना बाजूला ठेवा, कितीही मोह झाला तरी. खराब कोलॅजनची तारीखही खराब आणि आहारही खराब.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे कोकण येणार. लाल जांभ्याची माती आम्लधर्मी आणि वर चार महिने मुसळधार पाऊस; अशा मातीत हाड टिकणं अवघड. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं कोणी खोदली हे विचारताना हीच अडचण येते: खोदलेल्या दगडात कार्बन नसतो, आणि खोदणाऱ्याचं हाड मातीने खाल्लेलं असतं. डेन्मार्कला कवचांच्या ढिगांनी वाचवलं. त्यातल्या चुन्यामुळे माती आम्लधर्मी राहत नाही आणि हाडं शाबूत राहतात.

पायरी चौथी: आहार वाचणं

कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, १२ आणि थोडा जड १३. दोन्हींचं प्रमाण एका ठरलेल्या मानकाशी ताडून ‘डेल्टा’ आकडा काढतात. तो हजारात किती असा मांडतात आणि बहुधा उणे असतो. गहू, तांदूळ, झाडपाला आणि ते खाणारी जनावरं यांवर जगणाऱ्या माणसाच्या कोलॅजनमध्ये हा आकडा उणे २० ते उणे २१ च्या आसपास येतो. समुद्रातल्या अन्नावर जगणाऱ्याचा उणे १२ च्या आसपास.

१९८१ साली कोपनहेगनच्या कालमापन प्रयोगशाळेतल्या हेन्रिक ताउबर यांनी ‘नेचर’मध्ये डॅनिश हाडांचे हे आकडे छापले. मध्याश्मयुगीन माणसांचे आकडे उणे ११ ते उणे १५ च्या पट्ट्यात, जवळजवळ ग्रीनलंडच्या सील-मासे खाणाऱ्या इन्युइट लोकांसारखे. नवाश्मयुगीन शेतकऱ्यांचे एकदम उणे २० च्या घरात. ताउबर मुळात तारखा काढणारे. कालमापनात कार्बन-१३ मोजावाच लागतो, नाहीतर तारीख दुरुस्त होत नाही. आकडे आपोआप साठत गेले आणि त्यांतून आहाराचं शास्त्र उगवलं. त्याच्या थोडं आधी, १९७८ मध्ये, फान डेर मेर्वे आणि फोगेल यांनी उत्तर अमेरिकेतल्या माणसांच्या हाडांतून मका ओळखला. त्याचंही मूळ मक्याच्या कणसांच्या विचित्र तारखांमध्ये होतं.

इथे मराठी विद्यार्थ्याने थांबून विचार करायचा. मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, ऊस ही पिकं कार्बन वेगळ्या मार्गाने पकडतात आणि त्यांचा आकडा समुद्री अन्नाच्या दिशेने सरकतो. डेन्मार्कच्या अश्मयुगात यातलं काहीच नव्हतं, म्हणून तिथे कार्बनचा आकडा वर गेला की ‘समुद्र’ असं सरळ म्हणता येतं. आपल्याकडे देशावरचा आयुष्यभर बाजरीची भाकरी खाणारा माणूस नुसत्या कार्बनवरून पक्का दर्यावर्दी ठरेल! नाचणीची भाकरी आणि सुका बोंबील खाणारा कोकणी माणूस तर दोन्हीकडून वर ढकलला जाईल. परदेशी निबंधातली पद्धत जशीच्या तशी उचलणाऱ्याची फजिती नेमकी इथे होते.

ती सोडवायला नायट्रोजन. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की नायट्रोजन-१५ चा आकडा हजारात ३ ते ५ ने वाढतो. समुद्रात साखळ्या लांब असतात: शेवाळ, बारीक जीव, लहान मासा, मोठा मासा, सील, आणि शेवटी माणूस. त्यामुळे मासे-सील खाणाऱ्याचा आकडा १२ ते १५ किंवा त्याहून वर जातो, तर जमिनीवरच्या शेतकऱ्याचा साधारण ८ ते १०. कार्बन जास्त आणि नायट्रोजनही जास्त असेल तर समुद्र. कार्बन जास्त पण नायट्रोजन साधारण असेल तर भाकरीची शक्यता आधी तपासा. आणि नायट्रोजन जास्त पण कार्बन कमी, म्हणजे जमिनीसारखा, असेल तर नदी-तळ्यातले मासे; यांच्याकडे पुढच्या पायरीत परत यायचं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचा नायट्रोजन आईपेक्षा एक पायरी वर असतो, म्हणून लहान मुलांचे आकडे मोठ्यांत मिसळू नका.

एक मर्यादा स्पष्ट लक्षात ठेवा. कोलॅजन मुख्यतः आहारातल्या प्रथिनांबद्दल बोलतं. रोज परडीभर हेझलनट खाल्ले आणि दोन मासे खाल्ले, तर हाडात माशांचा आवाज मोठा येतो. उलट, शेतकऱ्याने अधूनमधून शिंपले खाल्ले तर ते ऐकूच येणार नाहीत. २००३ मध्ये ‘शेती आली आणि समुद्र एका झटक्यात सुटला’ असा निष्कर्ष मांडला गेला. पुढच्याच वर्षी निकी मिल्नर आणि सहकाऱ्यांनी विचारलं की मग नवाश्मयुगातही किनाऱ्यावर कवचांचे ढीग वाढत कसे राहिले? २०११ मध्ये ऑलिव्हर क्रेग यांच्या गटाने मडक्यांत मुरलेली चरबी तपासली, तर शेती आल्यानंतरच्या मडक्यांतही जलचरांची चरबी सापडली. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर आहेत. मासे ताटातून गेले नाहीत. रोजच्या जेवणातली त्यांची मुख्य जागा गेली.

पायरी पाचवी: तारीख, आणि समुद्राने केलेली फसवणूक

आता मुख्य काम. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये शिकागोत ही पद्धत उभी केली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हवेत कार्बन-१४ सतत तयार होतो, वनस्पती तो घेतात, आपण वनस्पती व प्राणी खातो. मेलं की आवक बंद. असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. प्रयोगशाळा मात्र अजूनही लिबींचा जुना ५५६८ वर्षांचा आकडा वापरून वय छापतात, जगभर एकच रीत राहावी म्हणून. त्याने घाबरू नका. पुढे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ठरलेली वक्ररेषा वापरून हे वय दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलताना, ते जुळतं. वय ‘बीपी’मध्ये येतं, म्हणजे १९५० सालापासून मागे मोजलेलं.

सगळा हिशेब हवेवर उभा आहे. समुद्राच्या खोल पाण्याचा हवेशी शेकडो वर्षं संबंध येत नाही. तिथला कार्बन-१४ तेवढ्या काळात झिजत राहतो आणि ते पाणी वर येऊन पृष्ठभागाच्या पाण्यात मिसळतं. म्हणून काल पकडलेला मासाही कागदावर काही शतकं जुना निघतो. तो खाणारा माणूसही. याला समुद्री जलाशय परिणाम म्हणतात. शिकायला सोपा आकडा म्हणून ४०० वर्षं धरतात. २०२० साली आलेल्या ‘मरीन२०’ या समुद्री वक्ररेषेत जागतिक सरासरी साधारण ५५० वर्षं आहे. जागेनुसार यात जो फरक पडतो त्याला ‘डेल्टा-आर’ म्हणतात. तो काढायला अणुचाचण्यांच्या आधी, म्हणजे १९५० पूर्वी, जिवंत पकडलेल्या आणि साल नोंदवलेल्या संग्रहालयातल्या शिंपल्यांचा उपयोग होतो. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मान्सूनच्या वाऱ्यांनी खोल पाणी वर येतं, त्यामुळे आपल्या पश्चिमेच्या समुद्राचं डेल्टा-आर चांगलंच मोठं आहे. जुन्या निबंधातला डेल्टा-आर नव्या वक्ररेषेत घालू नका. जो आकडा ज्या वक्ररेषेसाठी काढला त्याच वक्ररेषेत तो चालतो.

आता हिशेब करून बघू. आकडे सरावासाठी घेतलेले आहेत.

एका माणसाच्या हाडाचं वय आलं ६००० बीपी. कार्बनचा आकडा उणे १३. नायट्रोजन १४, म्हणजे मासेखाऊ नक्की. पूर्ण जमिनीवरच्या आहाराचं टोक धरलं उणे २१, पूर्ण समुद्री आहाराचं उणे ११. दोन टोकांत अंतर १०. आपला माणूस जमिनीच्या टोकापासून ८ पुढे. म्हणजे त्याच्या प्रथिनांपैकी ८० टक्के समुद्रातले. जलाशयाचं वय ४०० धरलं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३२० वर्षं वजा. उरले ५६८० बीपी.

याचा परिणाम केवढा? दुरुस्ती न करता ६००० बीपी कॅलिब्रेट केलं तर इ.स.पू. ४९०० च्या आसपास जातं. ५६८० बीपी इ.स.पू. ४५०० च्या आसपास. वजा केली ३२० वर्षं आणि दिनदर्शिकेवर फरक पडला जवळजवळ ४०० वर्षांचा, कारण वातावरणातला कार्बन-१४ काळानुसार कमीजास्त होत आला आहे आणि कॅलिब्रेशनची रेषा सरळ नाही, वाकडीतिकडी आहे. काही ठिकाणी ती सपाटच होते, इ.स.पू. ८०० ते ४०० मधला सपाट पट्टा कुप्रसिद्ध आहे, तिथे एकच वय चार शतकांना लागू पडतं.

आता टोकं जरा हलवा. जमीन उणे २० आणि समुद्र उणे १० धरा. तोच माणूस आता ७० टक्के समुद्री, वजाबाकी २८० वर्षं. टोकं तुम्ही कुठून घेतली याने ४० वर्षांचा फरक पडला. दुसऱ्या पायरीत हरीण-कॉड गोळा करायला सांगितलं होतं ते याचसाठी.

वहीवरची वजाबाकी समजण्यासाठी ठीक आहे. प्रत्यक्षात हवेची ‘इंटकॅल२०’ आणि समुद्राची ‘मरीन२०’ या दोन वक्ररेषा त्या माणसाच्या आहाराच्या प्रमाणात मिसळायच्या, प्रमाणावर दहा टक्के इकडेतिकडे अशी मोकळीक ठेवायची, आणि मगच तारीख काढायची. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर ब्रॉन्क रॅम्सी यांचं ‘ऑक्सकॅल’ हे काम करतं आणि ते मोफत वापरता येतं. पहिल्यांदा एकदा हाताने करा, मग ऑक्सकॅलने करा, आणि दोन्ही उत्तरं का जुळली नाहीत ते शोधा. माझ्या पाहण्यात यासारखा दुसरा अभ्यास नाही.

आता नदी-तळ्यातले मासे. चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात खडकातला लाखो वर्षं जुना, कार्बन-१४ संपलेला कार्बन विरघळलेला असतो. त्या पाण्यातल्या माशांचं खोटं वय समुद्री माशांपेक्षाही जास्त असू शकतं, आणि ते नदीगणिक, अगदी ऋतूगणिक बदलतं. २००३ मध्ये अँडर्स फिशर आणि यान हाइनेमायर यांनी डेन्मार्कमधल्या आमोस दलदलीतल्या मडक्यांवर करपून चिकटलेल्या अन्नाच्या तारखा तपासल्या आणि त्या खऱ्यापेक्षा जुन्या येतात हे दाखवलं. मडकं जुनं नव्हतं, त्यात शिजलेला मासा ‘जुना’ होता. डॅनिश खाड्यांत तर समुद्राचं पाणी आणि चुनायुक्त नद्यांचं पाणी मिसळतं, आणि बाल्टिककडे सरकलं की पुन्हा वेगळंच. तिथे एक सरासरी आकडा वापरणं म्हणजे अंदाजपंचे.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय साधा आहे. त्याच कबरीत जमिनीवरच्या प्राण्याचं काही आहे का बघा: हरणाचं शिंग, हरणाच्या दातांची माळ. माणसाच्या हाडाची तारीख आणि शिंगाची तारीख दोन्ही काढा. दोन्ही एकाच दिवशी पुरले असतील तर त्यांतला फरक हाच त्या माणसाचा जलाशय परिणाम. १९७५ मध्ये सापडलेल्या वेडबेकच्या मध्याश्मयुगीन दफनभूमीत हरणाची शिंगं होती. हंसाच्या पंखावर निजवलेल्या नवजात बाळाची आणि त्याच्या शेजारच्या आईची कबरही तिथलीच. एवढंच सांभाळा की माळ आजीकडून नातीकडे आलेली असू शकते. शिंग त्या मानाने ताजं असण्याची शक्यता जास्त.

ड्राग्सहोल्मची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. झीलंड बेटावर १९७३ साली दोन कबरी सापडल्या, एकमेकींपासून अगदी जवळ. एकीत दोन बायका, गेरू आणि प्राण्यांच्या दातांचे दागिने. दुसरीत पुरुष, शेतकऱ्यांच्या पद्धतीचं मडकं. सुरुवातीच्या तारखांवरून सगळे मध्याश्मयुग-नवाश्मयुगाच्या उंबरठ्यावरचे, जवळजवळ समकालीन वाटले. शिकारी बायका आणि शेतकरी पुरुष शेजारी-शेजारी! २००७ मध्ये नव्या तारखा छापून आल्या तेव्हा दोघांत सुमारे हजार वर्षांचं अंतर निघालं. ती सुंदर कथा गेली. पण २०२४ मध्ये त्या पुरुषाचं डीएनए वाचलं गेलं आणि त्याहून मजेशीर गोष्ट समोर आली: आहार शेतकऱ्याचा, कबर शेतकऱ्याची, वंश मात्र स्थानिक शिकाऱ्यांचा.

पायरी सहावी: माणूस कुठून आला

यासाठी स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य. खडकातून माती, मातीतून झाड, झाडातून दात असा तो प्रवास करतो. खडक जितका जुना आणि ग्रॅनाइटसारखा, तितकं स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी गुणोत्तर मोठं. नॉर्वे-स्वीडनच्या प्राचीन खडकात ते मोठं असतं. बोर्नहोम बेट सोडलं तर डेन्मार्कमध्ये साधारण ०.७०८ ते ०.७११. आपल्याकडची तुलना हवी असेल तर सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मालवण-गोव्याकडचा जुना खडक यांच्यात असाच फरक दिसतो.

दाताचं एनॅमल घेतात, हाड नव्हे. हाड मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषून घेतं.

किनाऱ्यावरच्या माणसांबाबत यात एक गोम आहे. समुद्राच्या पाण्याचं गुणोत्तर जगभर एकच, ०.७०९२. जो समुद्रातलं खातो, ज्याच्या शेतावर खारा तुषार उडतो, त्याचे आकडे याच संख्येकडे ओढले जातात. म्हणून ०.७०९२ च्या जवळचा दात ‘हा इथलाच’ असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की मी समुद्राजवळ वाढलो, कुठल्याही. आधाररेषेसाठी आजच्या शेतातली झाडं घेतली तर शेतात टाकलेला चुना घोटाळा करतो. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या दोन संशोधकांनी हाच आक्षेप घेऊन एग्टवेडच्या प्रसिद्ध ‘मुलीच्या’, म्हणजे तिथे कबरीत सापडलेल्या कांस्ययुगीन तरुणीच्या, प्रवासाबद्दल शंका उपस्थित केली. नमुने न नांगरलेल्या जागेतून घ्या.

तारखांच्या कामातूनही स्थलांतराचा सुगावा लागतो. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची तेव्हिएक आणि ओएदिक ही दोन दफनस्थळं पेकार दांपत्याने १९२८ ते १९३४ या काळात खोदली. २००१ मध्ये रिक शुल्टिंग आणि मायकेल रिचर्ड्स यांनी तिथली हाडं कालमापनासाठी आणि आहारासाठी तपासली. ओएदिकच्या तरुण बायकांचा आहार इतरांपेक्षा कमी समुद्री निघाला. त्यांनी अर्थ लावला की या मुली आतल्या भागातून लग्न होऊन किनाऱ्यावर आल्या असाव्यात. माहेरचं जेवण अजून हाडात होतं. मला हे अनुमान फार आवडायचं. सासरच्या जेवणाची सवय व्हायला वर्षं लागतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण २०२४ मध्ये या दोन्ही ठिकाणच्या माणसांचं डीएनए आणि नव्या तारखा आल्या. त्यांच्यात शेतकरी वंशाचा अंश सापडला नाही, आणि एकत्र पुरलेली माणसंही बहुधा जवळची नातलग नव्हती. आहारातला फरक खरा होता; त्यावर बेतलेली लग्नाची गोष्ट आता तितकी भक्कम राहिली नाही.

पायरी सातवी: सगळं एका माणसात

आता एका माणसावर सगळ्या पायऱ्या चढून बघा. १९१५ मध्ये वायव्य डेन्मार्कमध्ये व्हिट्रुप इथे दलदलीत पीट (जळणासाठीची कुजक्या वनस्पतींची माती) खणताना माणसाची काही हाडं, फुटलेली कवटी, लाकडी दांडकं आणि मडकं मिळालं. कवटीवर किमान आठ घाव होते. तारीख निघाली इ.स.पू. ३३०० ते ३१००. मरताना वय तीस ते चाळीस. डीएनए शेजारच्या डॅनिश शेतकऱ्यांशी जुळेना. ते नॉर्वे-स्वीडनच्या शिकाऱ्यांशी जुळलं. दाताचं स्ट्रॉन्शियमही बालपण परदेशात, स्कँडिनेव्हियाच्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर गेल्याचं सांगत होतं. मग आहार: दातातल्या थरांत लहानपणी समुद्री प्राणी आणि मासे, आणि अठरा-एकोणीसच्या सुमारास जेवण बदलून शेतकऱ्यांचं. २०२४ मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एकत्र छापलं. तो कसा आला, गुलाम म्हणून की व्यापारी म्हणून, यावर ते अंदाजच करू शकले.

इथे पहिल्या पायरीतला नियम आठवा. या माणसाच्या बालपणीच्या दाताची तारीख काढली असती तर मोठी समुद्री दुरुस्ती लागली असती. अखेरच्या वर्षांत बदलत राहिलेल्या हाडाला बरीच कमी. माणूस एक, दुरुस्त्या दोन.

निकाल लिहिताना

कॅलिब्रेट केलेली तारीख एकटी छापू नका. प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ बीपी वय आणि त्याची अनिश्चितता, कोलॅजनची टक्केवारी, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर, दोन्ही डेल्टा आकडे, घेतलेली टोकं, डेल्टा-आर आणि वापरलेली वक्ररेषा, सगळं द्या. वक्ररेषा दर काही वर्षांनी नवी येते. मूळ आकडे असतील तर पुढचा माणूस पाच मिनिटांत नवी तारीख काढेल. नसतील तर त्याला पुन्हा हाड कापावं लागेल.

हे काम भारतात करायचं असेल तर कणत्वरकावर (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन-१४ मोजण्याची सोय अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे. नमुना पाठवण्याआधी त्यांच्याशी बोला, हाड समुद्रकाठचं आहे हे फॉर्मवर स्पष्ट लिहा, आणि कार्बन-१३ स्वतंत्र यंत्रावर मोजून मागा. कालमापनाच्या यंत्रातून येणारा कार्बन-१३ दुरुस्तीसाठी पुरतो, आहारासाठी पुरत नाही. उरलेलं कोलॅजन बाटलीवर क्रमांक घालून परत मागवा.